‘बोलंल की आपोआप’ : सव्वीस महिन्यांच्या एका मुलाचं प्रकरण

“बोलंल की आपोआप. त्याचा बा तीन वर्सांचा हुता तवा बोलला. आता बघा, गप बस म्हणावं लागतंय.”

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच आज्जींनी हे सांगून टाकलं. जुलैचा महिना, बाहेर संततधार. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतून केएमटीच्या बसनं राजारामपुरीपर्यंत आल्या होत्या. सोबत सून आणि नातू. मुलाचे वडील उद्यमनगरात लेथवर काम करतात, ते सुट्टी टाकून मागून येणार होते. सून दाराजवळच्या खुर्चीत मांडीवर पिशवी घेऊन बसली. पुढच्या पंधरा मिनिटांत ती तीन-चार वाक्यांपलीकडे बोलली नाही.

मुलगा मात्र गप्प बसणारा नव्हता. दारात टेकवलेल्या छत्रीतून फरशीवर पाणी ठिबकत होतं. तो तिथं उकिडवा बसला, त्या ओघळाकडे बोट केलं, माझ्याकडे बघितलं, परत ओघळाकडे बघितलं आणि “अँ!” म्हणाला. शब्द नव्हता, पण सांगणं पूर्ण होतं : हे बघा, इथं काहीतरी चाललंय. माझ्या वहीत त्या दिवसाची पहिली नोंद हीच आहे.

मी वाचा आणि श्रवण या विषयातली, लोकांच्या बोलीत स्पीच थेरपिस्ट. ‘थांबू की थेरपी सुरू करू’ हा प्रश्न घेऊन येणारे आईवडील मला रोज भेटतात. त्यातलं हे एक प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण इथं निर्णय एका फटक्यात झाला नाही आणि त्यात माझीही एक चूक होती. कुटुंबाची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाला घरी सोन्या म्हणतात असं समजू.

शब्द मोजायचे कसे

सोन्याचं वय तेव्हा २६ महिने. पूर्ण दिवसांचा, वजन २ किलो ८०० ग्रॅम, जन्मल्याबरोबर रडला. तेराव्या महिन्यात चालला. दोनदा कान दुखला, त्यातला एकदा वाहिला. जन्मानंतर ऐकण्याची तपासणी झालेली नव्हती.

आज्जींच्या हिशेबात त्याला तीन शब्द येत होते : आई, बाबा, न्हाई. घरचे लोक शब्द जवळजवळ नेहमी कमी मोजतात, कारण स्पष्ट उच्चार आला तरच तो शब्द असं त्यांना वाटतं. आमची मोजणी वेगळी. मूल एखादा आवाज ठरावीक गोष्टीसाठी, स्वतःहून, पुन्हा पुन्हा काढत असेल तर तो शब्द. पाण्याला ‘पाई’ म्हणत असेल तर धरायचं. ‘भुर्र’ धरायचं, ‘हम्मा’ धरायचं, कुत्र्याला ‘भू’ म्हणतो तेही धरायचं. उलट मोबाइलवर गाणं लागलं की तो ‘ॲपल’ म्हणायचा, पण समोर सफरचंद ठेवलं तर नाही. तो शब्द अजून त्याचा झालेला नव्हता, म्हणून धरला नाही.

भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला आठवडाभर यादी करायला सांगितली. यादी १७ शब्दांची निघाली. दोन शब्द जोडून एकही वाक्य नाही.

दोन वर्षांच्या मुलाकडे ५० शब्द नसतील किंवा तो दोन शब्द जोडत नसेल, तर त्याला उशिरा बोलणारा म्हणायचं, ही मोजपट्टी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेस्ली रेस्कोर्ला यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या शब्द-यादीतून रूढ झाली. सोन्याच्या वडिलांनी मोबाइलवर वेगळाच आकडा वाचला होता. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं २०२२ मध्ये आपले टप्पे बदलले आणि ५० शब्द ३० महिन्यांच्या खान्यात टाकले. “मग अजून चार महिने आहेत की आमच्याकडं,” ते म्हणाले. दोन आकडे का, हे त्यांना समजावून सांगावं लागलं. नव्या यादीत शंभरातल्या किमान पंच्याहत्तर मुलांना जे त्या वयात जमतं तेच घातलेलं आहे. म्हणजे ३० महिन्यांनाही ५० शब्द नसलेलं मूल मागच्या पंचवीस टक्क्यांत येतं. ती शेवटची गाडी आहे, तोवर फलाटावर बसून राहा असा तिचा अर्थ नाही. शिवाय दोन शब्द जोडणं त्या नव्या यादीतही २४ महिन्यांनाच आहे आणि सोन्याला ते येत नव्हतं.

आज्जींचं म्हणणं चूक होतं का? अजिबात नाही. दोन वर्षांच्या मुलांत दर शंभरामागे दहा ते वीस मुलं उशिरा बोलणारी असतात आणि त्यातली निम्म्याहून अधिक शाळेच्या वयापर्यंत थेरपीशिवाय बाकीच्यांना गाठतात. आज्जींनी आपल्याच घरात तसं एक मूल वाढवलेलं होतं. अडचण एवढीच की कुठलं मूल त्या निम्म्यात बसेल हे दोन वर्षांच्या मुलाकडे बघून खात्रीनं सांगता येत नाही. आणि वडील उशिरा बोलले ही गोष्ट आज्जी धीर म्हणून सांगत होत्या, पण आमच्या कागदावर ती जोखमीच्या बाजूला जाते. घरात कुणी उशिरा बोललेलं असणं, मूल मुलगा असणं, समज कमी असणं, हातवारे कमी असणं, या गोष्टी असतील तर आपसूक भरून निघण्याची शक्यता थोडी उतरते.

शब्दांच्या पलीकडे

शब्द किती, यापेक्षा मला नेहमी दुसरंच आधी बघायचं असतं. सोन्याला मी हात न हलवता, नजर न वळवता म्हटलं, “चप्पल आज्जीला दे.” त्यानं स्वतःची चप्पल उचलून आज्जींच्या मांडीवर ठेवली. सांगताना बोट दाखवलं असतं तर तो बोटावरून समजला असता. नुसत्या शब्दांवरून समजला, म्हणजे शब्द आत पोचत होते. त्यानं बाहुलीला रिकाम्या वाटीतून भरवलं आणि नंतर तिचं तोंड पुसलं. टाटा करत होता, मान हलवून नको म्हणत होता, हवी ती वस्तू मिळाली नाही तर माझा हात धरून न्यायचा आणि नेताना तोंडाकडे बघायचा. आत्ममग्नतेची (ऑटिझमची) शंका चाळण्यासाठी १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीची २० प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. त्यात काळजीचं काही निघालं नाही.

इथं जरा थांबते, कारण हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरचं मूल सोन्यासारखं असेल असं नाही. वर्षभराचं मूल बडबडत नाही, बोट दाखवत नाही, टाटा करत नाही. हाकेला वळत नाही. आलेले शब्द किंवा हसणं-खेळणं कमी होत जातं. सांगितलेलं समजत नाही. यातलं काहीही असेल तर ‘बोलेल की’ हे वाक्य बाजूला ठेवून त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जायचं. आलेले शब्द गेलेल्या मुलाला आठ महिने नवसावर थांबवलेलं मी पाहिलं आहे. तिथं थांबण्यात गेलेला एकेक महिना मला अजून टोचतो.

कान

बोलणं उशिरा असेल तर पहिली तपासणी कानाची. मूल दार वाजलं की वळतं, कुकरची शिट्टी ऐकून पळत येतं, म्हणून त्याला ऐकू येतं, हे पुरेसं नाही. शिट्टी मोठी असते. शब्दातले ‘स’, ‘त’, ‘प’ बारीक असतात. थोडं कमी ऐकू येणारं मूलही शिट्टीला वळतं.

सोन्याची ओएई नावाची तपासणी केली. कानात छोटी नळी बसवून आवाज सोडतात आणि आतल्या कानाचा प्रतिसाद टिपतात. दुखत नाही, मूल शांत असेल तर काही मिनिटांत होते. उजवा कान पास, डावा नाही. मग कानाच्या पडद्यामागचा दाब मोजला. डाव्या बाजूचा आलेख सपाट आला. पडदा हलत नव्हता, मागं पाणी साचलं होतं. त्याला आठवडाभर सर्दी होतीच.

खोलीत एकदम शांतता पसरली. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की असं पाणी लहान मुलांत बऱ्याचदा आपसूक ओसरतं, म्हणून साधारण तीन महिने वाट बघून पुन्हा तपासायचं. ओसरलं नाही तर पुढचं. तोवर बोलताना समोर बसायचं, दुसऱ्या खोलीतून हाका मारायच्या नाहीत.

थांबणं असंही असतं. कशासाठी थांबलो ते ठाऊक, किती दिवस ते ठाऊक, पुन्हा काय तपासायचं ते ठाऊक. मी वहीत ऑक्टोबरची तारीख लिहिली आणि तीच कॅलेंडरवरही लिहायला लावली.

घरातली मतं

दुसऱ्या भेटीला वडील आले. तोवर शिवाजी पेठेतल्या त्या दोन खोल्यांत बरीच मतं गोळा झाली होती. शेजारच्या काकूंनी वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगितलं होतं. कुणी म्हणालं जीभ जड आहे, खालची दोरी कापून घ्या. कुणी म्हणालं जोतिबाला घेऊन जा. जोतिबाला जरूर जा, मी म्हटलं, वाटेत दिसेल त्याची नावं सांगत जा. वेखंडानं शब्द येत नाहीत आणि जास्त पोटात गेलं तर उलट्या होतात. वर्षाच्या आतल्या बाळाला ते मधातून चाटवतात, तिथं तर मधही धोक्याचा. आणि दोरीचं म्हणाल तर सोन्याची जीभ ओठाबाहेर येत होती, वर टाळूला लागत होती. जिभेखालची दोरी आखूड असेल तर अंगावर पिताना त्रास होऊ शकतो, क्वचित एखाद्या उच्चाराला अडते. पण त्यानं डोक्यातले शब्द कमी होत नाहीत.

मोबाइलबद्दल बोलणं झालं. जेवताना रोज दोन्ही वेळा लागायचा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलेलं प्रमाण असं : दोन वर्षांपर्यंत अजिबात नको, दोन ते पाचला दिवसाला फार तर एक तास. मोबाइलमुळे हा बोलत नाही असं मी म्हटलं नाही, कारण तसं म्हणायला माझ्याकडे आधार नव्हता आणि आईवर आणखी एक आळ येणार होता. मी एवढंच सांगितलं की जेवणाच्या दोन वेळा म्हणजे दिवसातला तासभर. त्या तासात समोर ताट असतं, भूक असते, हवं-नको असतं. बोलायला एवढी सोयीची वेळ दिवसात दुसरी नाही.

वडिलांना आठवड्याला दोनदा थेरपी हवी होती, उद्यापासून. आज्जींना एकदाही नको होती. एका बैठकीचे ५०० रुपये. आठवड्याला दोन म्हणजे महिन्याला चार हजार, शिवाय दर वेळी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडणार. आई खाली बघत होती.

माझी चूक

तिसऱ्या भेटीला मी आईला सोन्याबरोबर सहा मिनिटं खेळायला सांगितलं आणि मोबाइलवर चित्रण केलं. स्टीलची वाटी, चमचे, एक प्लास्टिकचा ट्रक. रात्री बसून मोजलं. सहा मिनिटांत ३१ प्रश्न. “हे काय आहे? सांग, हे काय? वाटी म्हण. म्हण वाटी. रंग कुठला?” प्रश्न एकामागून एक येत होते, उत्तराला उसंत नव्हती. सोन्या ट्रककडे वळून बसला होता, आईकडे पाठ करून. ही परीक्षा घेणारी आई वाईट नव्हती, घाबरलेली होती. मूल बोलत नाही म्हटल्यावर कुठलीही आई हेच करते.

चौथ्या मिनिटाला चमचा फरशीवर पडला, खणकन आवाज झाला आणि आईच्या तोंडून दबक्या आवाजात निघालं, “अय्यो, बित्तु.” सोन्या गर्रकन वळला, चमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, “बित!”

पहिल्यांदा बघताना मला ते ऐकूच आलं नव्हतं. दुसऱ्यांदा आलं. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, “ताई, चमचा पडला तेव्हा काय म्हणालात तुम्ही?”

“ते व्हय. बित्तु म्हंजे पडलं. कन्नड आलं चुकून. परत न्हाई बोलत.”

तिचं माहेर संकेश्वराजवळचं. घरी सगळं कन्नड. सोन्या दीड वर्षाचा असताना ओळखीतल्या एका शिकलेल्या व्यक्तीनं सांगितलं होतं की दोन भाषांनी पोर गोंधळतंय, कन्नड बंद करा. तिनं बंद केलं. मराठी तिला येते, बाजारहाट, शेजारपाजार सगळं मराठीतच. पण तान्ह्या मुलाशी जे बोलतो, ते लाडाचं, अर्धवट, निरर्थक, गुणगुणणारं, ते तिच्याकडे कन्नडमध्येच होतं. ते काढून घेतल्यावर तिच्याजवळ प्रश्न तेवढे उरले.

माझ्या फॉर्मवर ‘घरातली भाषा’ या ओळीत मी मराठी लिहिलं होतं. विचारलं होतं आज्जींना. आई समोर बसलेली असताना मी तिला विचारलं नव्हतं. कोल्हापुरात, जिथं गडहिंग्लज-निपाणीकडच्या सुना घराघरात आहेत, तिथं ही चूक मला शोभत नाही. आता तो प्रश्न मी घरातल्या प्रत्येक माणसाला वेगळा विचारते.

दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलत नाही. ज्या मुलाला अडचण आहे त्याला ती दोन्ही भाषांत असते, ज्याला नाही त्याला एकीतही नसते. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे शब्द मोजताना दोन्हींची बेरीज धरतात. आईनं कॅलेंडरच्या यादीखाली दुसरी यादी लिहिली, देवनागरीतच : बा, ब्याड, हाल, नीर, अव्वा, येम्मी, बित्तु... एकूण बेरीज २६ झाली. आज्जी म्हणाल्या, “मला वाटायचं ब्याड म्हंजे नुसतं वरडतोय.” ब्याड म्हणजे नको. पोर सहा महिने नको म्हणत होतं.

इथं कुणी सुटकेचा निःश्वास टाकू नये. २६ म्हणजे ५० नव्हे. सोन्या उशिरा बोलणारा होता, तो तसाच राहिला. आईनं कन्नड बंद केलं म्हणून तो उशिरा बोलला असंही मी म्हणत नाही, तिलाही तसं वाटू दिलं नाही. उपचारासाठी हाताशी काय आहे, ते मात्र त्या दिवशी कळलं.

काय ठरवलं

ऑगस्टमधल्या एका रविवारी चौघं बसलो. मी कागदाच्या मधोमध रेघ मारली. एका बाजूला धीर देणाऱ्या गोष्टी : समज चांगली, हातवारे चांगले, खेळ चांगला, वय लहान. दुसरीकडे : वडील उशिरा बोललेले, मुलगा, डाव्या कानात पाणी, तोंडातून निघणारे वर्ण मोजकेच, आणि यादीत नामं भरपूर पण क्रियापदं जेमतेम चार. हा शेवटचा मुद्दा मी महत्त्वाचा धरते, कारण क्रियापदांशिवाय वाक्य होत नाही.

आठवड्याला दोनदा मी सोन्याला घेऊन बसणं, याला मी नको म्हटलं. दोन वर्षांच्या मुलासोबत माझा तास आठवड्याला दोन, घरच्यांचे जागे तास सत्तर-ऐंशी. आईवडिलांना शिकवून केलेल्या उपचाराचा मुलांच्या भाषेला फायदा होतो, हे एकत्रित अभ्यासांतून दिसलेलं आहे. म्हणून ठरलं ते असं : पंधरा दिवसांतून एक बैठक, त्यात मी शिकवणार आईला, आणि जमेल तेव्हा आज्जींना. तीन महिन्यांत सहा बैठका, तीन हजार रुपये. ऑक्टोबरच्या तारखेला कान पुन्हा, शब्द पुन्हा. तेव्हा ५० शब्द किंवा दोन शब्दांची जोडी नसेल तर दर आठवड्याला. आज्जींना ‘थांबणं’ मिळालं, वडिलांना ‘सुरू करणं’ मिळालं. दोघांची समजूत घालायला केलेली ही तडजोड नव्हती. मुलाच्या स्थितीला मला हेच योग्य वाटत होतं.

खर्च झेपत नसेल तर काय, हे वडिलांनी विचारलं नाही, पण इतरांसाठी लिहून ठेवते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं आणि वाढीतला उशीर हा त्यांच्या तपासणीचा भाग आहे. अंगणवाडीताईंना सांगून नाव घालून घ्यावं. तिथून पुढे मोफत तपासणीची सोय होते. आणि पैसे भरून कुणाकडे जाणार असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे बेधडक विचारा. १९९२ च्या कायद्यानं ती आम्हाला बंधनकारक आहे. विचारलं म्हणून चांगला थेरपिस्ट रागावणार नाही.

तीन महिने

पहिल्या बैठकीत आईला एकच गोष्ट दिली : प्रश्न निम्म्यावर आणायचे आणि काही म्हटल्यावर मनात पाचपर्यंत मोजायचं. पाच आकडे फार मोठे असतात. करून बघा. तिसऱ्या आकड्यालाच जीव कासावीस होतो. सोन्यानं पहिल्याच दिवशी चौथ्या आकड्याला तोंड उघडलं आणि “दे” म्हणाला. आई माझ्याकडे बघत राहिली.

दुसरी गोष्ट, तो करतोय त्याचं दोन-तीन शब्दांत वर्णन. “ट्रक आला. ट्रक थांबला.” आपल्या भाषेची इथं मदत होते. मराठीत काय, कन्नडमध्ये काय, क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि शेवटचा शब्द मुलाच्या कानात घुमत राहतो. पाणी सांडलं. दार उघड. काका गेला. म्हणून ‘उघड’, ‘दे’, ‘ये’, ‘गेलं’, ‘पडलं’, ‘अजून’ असे थोडेच शब्द निवडले आणि ते दिवसभर जागोजागी पेरले. डब्याचं झाकण मुद्दाम घट्ट लावायचं आणि त्याच्या हातात द्यायचं. तो परत आणून देतो, तेव्हा लगेच उघडायचं नाही. बघायचं. “उघड?” म्हणायचं आणि पाच मोजायचे. नाही बोलला तरी उघडून द्यायचं. ‘म्हटलंस तरच देईन’ हा हट्ट मी कुणाला करू देत नाही, त्यानं भूक आणि बोलणं यांचं वैर होतं.

तिसरी गोष्ट, तो एक शब्द बोलला की त्यात एक घालून परत करायचा. तो “गाडी” म्हणाला, तुम्ही “गाडी गेली.” चुकलं म्हणून दुरुस्ती नाही, पुन्हा म्हण नाही.

आज्जींना हे सगळं सुरुवातीला पोरखेळ वाटलं. पण भाकरी थापताना नातवाशी बोलणं त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. “पीठ घेतलं. पाणी घातलं. थाप थाप थाप. फुगली!” हे त्या आपल्या आपण करायला लागल्या, आणि माझ्या बैठकीत मी जे दाखवत होते त्यापेक्षा ते सरस होतं. ‘फुगी’ हा शब्द त्यांच्या खात्यावर आहे. आईनं कन्नड पुन्हा सुरू केलं. पहिले काही दिवस सासूसमोर लाजत, मग बिनधास्त.

गणपती झाल्यावरची गोष्ट. संध्याकाळी वडील सोन्याला गंगावेशच्या दूध कट्ट्यावर घेऊन जायचे. म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात, समोर धार काढून ग्लास हातात देतात. सोन्याला कच्चं दूध द्यायचं नाही हे ठरलं होतं, तो बघायला जायचा. त्या दिवशी आईही गेली होती. धार संपली, गवळ्यानं म्हैस सोडली, ती वळून गल्लीत शिरली. आधीची आई म्हणाली असती, “कोण गेलं? सांग, कोण गेलं?” ती म्हणाली नाही. वडीलही गप्प राहिले. सोन्या वडिलांच्या खांद्यावरून गल्लीकडे बघत होता. मग म्हणाला, “येम्मी... गेई.”

येम्मी म्हणजे म्हैस, कन्नड. गेई म्हणजे गेली, मराठी. दोन शब्द, एक वाक्य, दोन भाषा. अशी सरमिसळ दोन भाषांतली मुलं करतातच, तो गोंधळ नसतो. जो शब्द हाताशी असतो तो वापरतात. घरी आल्यावर आज्जींनी सुनेला सांगितलं, “लिव त्या कॅलिंडरवर. तारीख घालून लिव.”

ऑक्टोबर

ठरलेल्या तारखेला कान तपासले. डावा आलेख टेकडीसारखा वर उठला होता, ओएई दोन्हीकडे पास. पाणी ओसरलं होतं. वय २९ महिने, दोन्ही भाषांची बेरीज ७४ शब्द, वेगवेगळ्या नऊ जोड्या. दर आठवड्याच्या बैठकीची गरज उरली नव्हती. महिन्यातून एकदा असं पुढं आणखी तीन वेळा भेटलो आणि थांबवलं.

वडिलांनी विचारलं, “मॅडम, खरं सांगा, थेरपी केली नसती तरी बोललाच असता का?”

कदाचित बोललाही असता, मी म्हटलं. कानातलं पाणी गेलं, वय वाढलं, आईची भाषा परत आली, मोबाइल ताटापासून उठला. एका मुलावरून यातलं कशामुळे काय झालं हे वेगळं काढता येत नाही. पण वाट बघण्याचे ते तीन महिने घरातल्या चारही माणसांनी एकमेकांशी बोलण्यात घालवले, आणि त्यात कुणाचं काही गेलं नाही. आज्जी पदराला हात पुसत म्हणाल्या, “तीन हजार गेलं की.” आणि मग, “जाऊ द्या. सून बोलाय लागली.”

यंदा जुलैत तो पुन्हा आला, ३ वर्षं २ महिन्यांचा. आज्जीशी मराठीत, आईशी कन्नडमध्ये, तीन-चार शब्दांची वाक्यं. ‘क’च्या जागी ‘त’ येतो, काकाला ताता म्हणतो. या वयाला हे चालतं. उशिरा बोलून बाकीच्यांना गाठलेली मुलं मोठेपणीही भाषेच्या चाचण्यांत, सरासरीच्या आत असली तरी, बरोबरीच्या मुलांपेक्षा किंचित मागं दिसतात, हे रेस्कोर्ला यांनी अशा मुलांचा सतराव्या वर्षापर्यंत माग काढून दाखवलं आहे. म्हणून शाळेत गोष्ट सांगणं, वाचणं यावर लक्ष ठेवायला सांगितलं. ‘क’ साठी त्याच्या चौथ्या वाढदिवसानंतर बघायचं ठरलं. तारीख वहीत लिहिली आहे, आणि त्यांच्या कॅलेंडरवरही.